ज्येष्ठमधाचा डबा : घरातली वयस्कर माणसं डॉक्टरांना काय सांगत नाहीत?

कृष्णाकाठची | १४ डिसेंबर, रात्री ९.४०

गेले तीन आठवडे आईच्या आजारपणात गेले. आता ती घरी आलीय, भिंतीला न धरता चालतेय, म्हणून लिहायला बसले.

आई ७६ वर्षांची. सांगलीला एकटी राहते, मी पुण्यात. बीपीची गोळी बारा वर्षं चालू आहे, त्यात लघवीवाटे पाणी काढणारं औषधही आहे. बाकी तब्येत ठणठणीत. दिवाळीनंतर तिला जिना चढवेना. आधी म्हणाली गुडघे, मग म्हणाली मांड्यांत जीवच राहिला नाही. बीपी वाढलेलं निघालं, म्हणून गोळीचा डोस वाढवला. त्यानंतर पंधरा दिवसांनी एका सकाळी ती बाथरूममध्ये खाली बसली ती उठूच शकली नाही. शेजारच्या काकूंनी दार ढकलून तिला बाहेर काढलं. रक्त तपासलं तर पोटॅशियम २.४. ते साडेतीनच्या खाली जाऊ नये. ईसीजी बिघडलेला. थेट आयसीयू.

डॉक्टरांनी तिला तीनदा विचारलं, "आजी, आणखी कुठलं औषध घेता का? आयुर्वेदिक, होमिओपॅथी, काहीही?" तिन्ही वेळा आई "नाही" म्हणाली. शेजारी उभी राहून मीसुद्धा "नाही" म्हणाले.

चौथ्या दिवशी मावशी थर्मास घेऊन आली. "काढा आणलाय, चार दिवस पोटात गेला नाही, खोकला परत सुरू व्हायचा." ज्येष्ठमध, सुंठ, अडुळसा. जुलैमध्ये खोकला झाला तेव्हा सुरू केलेला. खोकला गेला, काढा राहिला. रोज सकाळ-संध्याकाळ, पाच महिने. डॉक्टरांनी साखर कमी करायला सांगितल्यापासून तिनं गोडव्यासाठी ज्येष्ठमध वाढवला होता. स्वयंपाकघरात पितळी डबा भरून कांड्या निघाल्या.

डॉक्टरांनी कागदावर काढून समजावलं. ज्येष्ठमधात ग्लिसिरायझिन नावाचा घटक असतो. त्याच्यामुळे शरीर मीठ धरून ठेवतं आणि पोटॅशियम लघवीतून टाकून देतं. बीपी चढतं. तिची गोळीसुद्धा पोटॅशियम बाहेर टाकणारी. काढ्यानं बीपी चढलं, चढलं म्हणून गोळी वाढली, गोळी वाढली म्हणून पोटॅशियम आणखी घसरलं. काढा बंद केल्यावरही हा परिणाम ओसरायला आठवडा-दोन आठवडे जातात, तेवढे दिवस रोज रक्त तपासत राहिलो.

मी आईवर चिडले. "तीनदा विचारलं तेव्हा का नाही सांगितलंस?" ती खरोखर गोंधळली होती. म्हणाली, "अगं, ते औषध होय? घरातलं आहे ते."

तिचं हे वाक्य डोक्यातून जात नाहीये. ती खोटं बोललीच नव्हती. आम्ही "औषध" हा शब्द वापरला आणि तिच्या मनात त्या शब्दात काढा बसतच नाही. तुमच्या घरातली मोठी माणसं काय काय घेतात? तुम्हाला ते कसं कळलं? आणि न दुखावता कसं विचारता? मनापासून लिहा.

---

रानजाई | १४ डिसेंबर, रात्री १०.१५

आईंना लवकर बरं वाटू दे. धागा वाचून उठले आणि सासूबाईंच्या उशाकडची पिशवी बघितली. हिंगाष्टक, त्रिफळा चूर्ण, पांढऱ्या गोळ्यांच्या चार बाटल्या, गुडघ्याला चोळायचं हिरवं तेल, आणि एक पुडी जिच्यावर काहीच लिहिलेलं नाही. ती कसली म्हणून विचारलं तर "सोमवारच्या बाजारातली" एवढंच.

---

आप्पा_७४ | १५ डिसेंबर, सकाळी ६.०५

माझं वय ७४, म्हणून दुसऱ्या बाजूनं लिहितो.

माण तालुक्यातल्या आमच्या गावात पहिला डॉक्टर आला तेव्हा मी नववीत होतो. तोवर आजीचा बटवा हाच दवाखाना. सुंठ, वावडिंग, मुरडशेंग, हिरडा, वेखंड. आम्हा पाच भावंडांना बाळगुटीत उगाळून हेच दिलं आणि आम्ही पाचही जगलो. गावातली किती जगली नाहीत हे आता कळतं, पण लहानपणी बसलेला विश्वास हिशेब मांडून बसत नाही.

आम्ही का सांगत नाही ते सांगतो. रांगेत दोन तास बसल्यावर डॉक्टरांसमोर चार मिनिटं मिळतात. त्यात बीपी मोजायचं, रिपोर्ट दाखवायचे, चिठ्ठी घ्यायची. "मी रात्री ओवा-काळं मीठ घेतो" हे कुठं बसवायचं? एकदा सांगितलं होतं. समोरच्या तरुण डॉक्टरांनी मान वर न करता "ते सगळं बंद करा" म्हटलं. पुन्हा सांगितलं नाही. उलट मी ज्या वैद्यांकडे जातो ते नाडी बघतात, झोप कशी लागते, शौचाला कधी होतं, जेवणात काय असतं, सून-मुलगा कसे आहेत, सगळं विचारतात. अर्धा तास माणूस आपल्याकडे बघून बोलतो. त्यानंच निम्मं दुखणं हलकं होतं.

मुलं विचारतात तेव्हा तर पोलीस आल्यासारखं वाटतं. पिशवी उपडी करतात, एक्स्पायरी बघतात, केराच्या टोपलीत टाकतात.

आणि आणखी एक. या वयात सगळं दुसरे ठरवतात. कुठं राहायचं, काय खायचं, कुठल्या गोळ्या, कधी तपासणी. सकाळी उठून स्वतःच्या हातानं केलेला काढा हे एकच माझं मी ठरवलेलं असतं. ताई, तुमच्या आईंच्या डब्यात ज्येष्ठमधाबरोबर हेही असणार. डबा काढून घेताना तेवढं लक्षात ठेवा.

---

मीनल_ठाणे | १५ डिसेंबर, सकाळी ८.३०

आप्पा, तुमचा प्रतिसाद वडिलांना मोठ्यानं वाचून दाखवला. ते काही बोलले नाहीत, पण कपाटातून अश्वगंधाची बाटली आणून माझ्यासमोर ठेवली. थायरॉईडच्या गोळीबरोबर चालते का ती?

---

औषधवाली | १५ डिसेंबर, दुपारी २.५०

मी २२ वर्षं मेडिकल चालवते, काउंटरवर रोज हेच बघते.

मीनलताई, अश्वगंधा थायरॉईडची पातळी वाढवू शकते. डॉक्टरांना दाखवल्याशिवाय चालू ठेवू नका आणि पुढची थायरॉईड तपासणी होईल तेव्हा बाटलीचा उल्लेख नक्की करा, नाहीतर रिपोर्टचा अर्थ चुकीचा लागेल.

आता रानजाईंच्या पुडीबद्दल. चिठ्ठी नसलेली, सांधेदुखीवर "दोन दिवसांत गुण" देणारी पुडी बघितली की माझ्या पोटात गोळा येतो. अशा पुड्यांत कुटलेल्या स्टेरॉईडच्या गोळ्या सापडल्याची प्रकरणं पुष्कळ आहेत. गुण येतो, कारण स्टेरॉईडनं सूज उतरतेच. भूक लागते, उत्साह वाटतो, आजी-आजोबा शेजाऱ्यांनाही नेऊन देतात. काही महिन्यांनी चेहरा गोल होतो, हातापायाची कातडी कागदासारखी पातळ होते, जरा लागलं की निळे डाग, शुगर-बीपी चढतं, हाडं ठिसूळ होतात. माझ्याकडे येणाऱ्या एका आजोबांचा चेहरा बघूनच मी विचारलं होतं, "आजोबा, कुठली पुडी घेताय?"

पण ऐका, हे महत्त्वाचं आहे. अशी पुडी महिनोन्‌महिने चालू असेल तर रागाच्या भरात एका दिवसात फेकून देऊ नका. बाहेरून स्टेरॉईड मिळत राहिलं की शरीर स्वतःचं बनवणं थांबवतं. पुडी अचानक बंद झाली तर उलट्या, चक्कर, बीपी एकदम कोसळणं, जिवावर बेतू शकतं. पुडी घेऊन फिजिशियनकडे जा, ते हळूहळू कमी करतील.

बाकी नेहमी दिसणारी जोडी : शुगरची गोळी आणि वर कारल्याचा रस, मेथीचं पाणी. दोन्ही साखर उतरवतात. त्यात एखाद्या दिवशी जेवण कमी झालं की पहाटे घाम फुटतो, बोलणं असंबद्ध होतं, आणि घरच्यांना वाटतं म्हातारपणाचं विसरणं. रक्त पातळ करणारी वॉरफरिनसारखी गोळी असेल तर हळदीच्या, लसणाच्या, गिंकोच्या कॅप्सूल मुळीच नकोत. रोजच्या आमटी-भाजीतली हळद वेगळी, कॅप्सूल वेगळी. ऑपरेशन ठरलं असेल तर भूलतज्ज्ञांना हे सगळं आठवडा-दोन आठवडे आधी सांगा, टेबलावर झोपल्यावर नाही.

---

तर्कनिष्ठ | १५ डिसेंबर, दुपारी ४.२०

इतकं वाचल्यावर प्रश्न पडतो की हे सगळं एकदाच बंद का करू नये? ज्याचा पुरावा आहे ते औषध, ज्याचा नाही ते नाही. होमिओपॅथीत ३० पोटेन्सी म्हणजे शंभर पट पातळ करण्याची क्रिया तीस वेळा. मूळ पदार्थाचा एक रेणूही त्यात उरत नाही. वयस्कर माणसांच्या पेन्शनचे पैसे यात जातात याचा मला मनापासून राग येतो.

---

वैद्य_रोहिणी | १५ डिसेंबर, रात्री ११.१०

मी बीएएमएस, कोकणात वीस वर्षं प्रॅक्टिस करते. राग समजतो, पण "एकदाच बंद" हे घरात घडत नाही. राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या २०२२-२३ च्या पाहणीत शहरी भागातल्या सुमारे ५३ टक्के आणि ग्रामीण भागातल्या सुमारे ४६ टक्के लोकांनी मागच्या वर्षभरात आयुष उपचार वापरल्याचं सांगितलं. इतक्या लोकांना बंद करा म्हटलं तर ते बंद करत नाहीत, लपवतात. धागाकर्तीच्या आईंनी तर लपवलंही नव्हतं, तरी डॉक्टरांना कळलं नाही.

आता माझ्या शास्त्राच्या बाजूनं. ज्येष्ठमध मी स्वतः देते. पण मात्रा ठरवून, काळ ठरवून, रुग्णाचं बीपी बघून. पाच महिने रोज दोन वेळा मूठभर, ही आयुर्वेदाची चिकित्सा नव्हे. "आयुर्वेदाला साइड इफेक्ट नसतात" हे वाक्य माझ्या ओपीडीत रोज ऐकते आणि रोज खोडते. नीट योजलेलं विषही उत्तम औषध होतं आणि चुकीचं योजलेलं औषधही विष होतं, हे चरकसंहितेच्या सूत्रस्थानात पहिल्याच अध्यायात सांगितलंय. साइड इफेक्ट नाहीत असं चरकानं कधी म्हटलं नाही, ते जाहिरातींनी म्हटलं.

गुळवेलीचंच घ्या. कोविडमध्ये दर गच्चीवर वेल चढली. २०२० च्या सप्टेंबर ते डिसेंबरमध्ये मुंबईत सहा रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याचं आढळलं आणि डॉक्टरांनी त्याचा संबंध गुळवेलीशी जोडला. आयुष मंत्रालयानं तो मानला नाही, दिसायला सारखी दुसरी वेल असू शकते असं म्हटलं. यावर वाद घालणारे पुष्कळ भेटतात. मला त्यातून एकच दिसतं : कुणाच्या तरी कुंपणावरची वेल "गुळवेलच आहे" म्हणून सत्तरीच्या माणसाला महिनोन्‌महिने द्यायची नाही.

भस्मं, पारदकल्प (पाऱ्यापासून बनवलेली औषधं) ही तर दुकानातून स्वतःच्या मनानं आणायची वस्तूच नव्हे. विषारी द्रव्यांची यादी कायद्यात आहे आणि ती असलेल्या औषधाच्या लेबलवर "वैद्यकीय देखरेखीखाली घ्यावे" अशी सूचना असावी लागते. ते लेबल चष्मा लावून वाचा. आणि "मधुमेह मुळापासून बरा" अशी जाहिरात करणं १९५४ च्या कायद्यानं गुन्हा आहे. तशी जाहिरात दिसली तर अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार करता येते. त्रास झाला असेल, औषध कुठल्याही पॅथीचं असो, तर वैद्याला किंवा डॉक्टरला त्याची नोंद करायला सांगा. नोंदच होत नाही, म्हणून "काही होत नाही" हा समज टिकतो.

---

पारिजात_२ | १६ डिसेंबर, रात्री १.३०

लिहू की नको असं करत दोन तास गेले.

माझे वडील, ७१, लातूर जिल्ह्यात. शुगर अठरा वर्षांची. चपलेचा खिळा टोचून अंगठ्याला जखम झाली. गावातल्या एका जाणत्यानं पाला वाटून लेप लावला आणि वरून घट्ट बांधलं. रोज फोनवर विचारायची, "दुखतंय का?" ते म्हणायचे, "अजिबात नाही, उतार आहे." दुखत नव्हतं कारण शुगरनं पायाची जाणीवच गेलेली होती. दुखत नाही म्हणजे बरं होतंय, असं त्यांना वाटलं, आईला वाटलं, मलाही वाटलं. एकोणिसाव्या दिवशी वास यायला लागला तेव्हा शहरात नेलं. गुडघ्याखाली पाय काढावा लागला.

लेप लावणाऱ्या माणसानं एक रुपया घेतला नव्हता. वडील परत आले तेव्हा तो घरी येऊन रडला. त्याचा हेतू वाईट नव्हता, हे मला माहीत आहे. म्हणून राग कुणावर काढायचा तेच कळत नाही.

शुगर असलेल्या माणसाच्या पायाला काहीही झालं तर त्याच दिवशी डॉक्टर. दुखो न दुखो. आणि फोनवर "दुखतंय का" विचारू नका, फोटो मागवा.

---

आप्पा_७४ | १६ डिसेंबर, सकाळी ६.२०

पारिजात, बाळा, वडिलांना माझा नमस्कार सांग. आज माझ्या पायांकडे नीट बघितलं. मलाही शुगर आहे.

---

बॉस्टनकर_मंजू | १६ डिसेंबर, सकाळी ७.४५

आई दर दोन वर्षांनी इकडे येते तेव्हा बॅगेत एक कप्पा औषधांचाच असतो. इथली नर्स विचारते, "एनी सप्लिमेंट्स?" मी भाषांतर करते, "आई, शक्तीच्या गोळ्या घेतेस का?" आई म्हणते नाही. चूक माझ्या भाषांतराची. आता मी विचारते, "सकाळी उठल्यापासून रात्री झोपेपर्यंत तोंडात काय काय जातं आणि अंगाला काय काय लागतं?" तेव्हा च्यवनप्राश, योगराज गुग्गुळ, इसबगोल, कडुनिंबाची पावडर, एकेक बाहेर येतं.

इथल्या डॉक्टरांना या विषयाची धास्ती आहे आणि ती उगाच नाही. २००४ मध्ये बॉस्टन परिसरातल्या दक्षिण आशियाई किराणा दुकानांतून आणलेली ७० आयुर्वेदिक उत्पादनं तपासली होती. त्यातल्या १४ मध्ये शिसं, पारा किंवा आर्सेनिक निघालं. मी स्वतः याच दुकानांतून आईसाठी गोळ्या आणायचे. आईच्या रक्तातलं शिसं तपासून घेतलं, सुदैवानं ठीक निघालं. कसली गोळी हे माहीत नसेल आणि वर्षानुवर्षं घेतली असेल तर ही तपासणी करून घ्या. पोटदुखी, अशक्तपणा, हिमोग्लोबिन कमी, यामागे शिसं असू शकतं हे पटकन कुणाच्या लक्षात येत नाही.

---

शिरीष_डोंबिवली | १६ डिसेंबर, दुपारी १२.१०

थोडं वेगळं. आमची आई, ६९, वर्षभर एका मोफत मसाज-बेडच्या सेंटरवर जात होती. सकाळी सहाला टोकन, मग गरम रोलरच्या पलंगावर पडायचं. तिथं रोज सांगायचे की यानं शुगर, थायरॉईड, ब्लॉकेज सगळं जातं. शेवटी तिनं एफडी मोडून पलंग विकत घेतला. आम्ही भावंडं संतापलो.

नंतर मी एकदा तिच्याबरोबर गेलो. वीस-बावीस बायका, सगळ्या तिच्याच वयाच्या. एकमेकींचे रिपोर्ट माहीत, नातवंडांची नावं माहीत. एक दिवस आली नाही तर फोन. तिथली मुलं तिला "आई" म्हणायची. बाबा गेल्यापासून घरात तिच्याशी दिवसभरात इतकं कुणी बोलत नव्हतं. आम्हीसुद्धा नाही.

पलंग घरात पडून आहे, कारण घरी त्यावर पडायला तिला आवडत नाही. पैसे परत मिळाले नाहीत. आता ती सोसायटीतल्या हॉलमध्ये योगवर्गाला जाते, खुर्चीवर बसून करतात तो. कंबर खरंच सुधारली आहे. जुन्या कंबरदुखीवर योगाचा उपयोग होतो याला चांगला आधार आहे, असं तिचे हाडांचे डॉक्टर स्वतःहून म्हणाले आणि त्यांनीच कुठली आसनं करायची नाहीत ते लिहून दिलं.

---

तर्कनिष्ठ | १६ डिसेंबर, दुपारी ३.००

शिरीष, पारिजात, तुमचं वाचून माझी भाषा बदलतो. पुराव्याबद्दलचं मत तेच आहे. पण माझ्या आत्याचं सांगायचं राहिलं होतं. तिला गोड गोळ्यांनी काही झालं नाही. त्या सुरू करताना तिनं थायरॉईडची गोळी सोडली, त्यानं झालं. सहा महिन्यांत सुजली, थंडी वाजायची, बोलणं मंदावलं. आम्ही ती काय घेते हे विचारत राहिलो. काय सोडलं हे कुणी विचारलंच नाही.

---

औषधवाली | १६ डिसेंबर, दुपारी ३.२५

तर्कनिष्ठ, हे फार महत्त्वाचं लिहिलंत. मी दर महिन्याला बघते, नेहमीचं गिऱ्हाईक बीपीची गोळी न्यायला आलं नाही की फोन करते. निम्म्या वेळा उत्तर येतं, "काढा सुरू केलाय, बघू."

---

कृष्णाकाठची | २९ डिसेंबर, रात्री ९.०५

सगळ्यांचे आभार. आप्पा, तुमचा प्रतिसाद आईला वाचून दाखवला. ती म्हणाली, "बघ, कुणीतरी बोललं."

पोटॅशियम आता ४.१. बीपीची गोळी परत आधीच्या डोसवर आली.

डबा मी काढून घेतला नाही. आईनंच तो आतल्या खोलीतल्या फडताळात वर ठेवला. मग आम्ही एक वही केली. मंजूताईंचा प्रश्न जसाच्या तसा विचारला, सकाळपासून रात्रीपर्यंत तोंडात काय आणि अंगाला काय. मी लिहीत गेले, आई सांगत गेली. सतरा ओळी झाल्या. तीळतेल गुडघ्याला, लसणाच्या दोन पाकळ्या, इसबगोल, देवळातलं तीर्थ, कोरफडीचा गर आठवड्यातून एकदा. तीर्थ लिहू नको म्हटलं तर म्हणाली, "पोटात जातं ना? लिही."

डॉक्टरांनी वही पूर्ण वाचली. आईसमोर, एकेक ओळ. तेल चालू ठेवा म्हणाले. जेवणातला लसूण चालेल. कोरफडीचा गर नको, त्यानं जुलाब झाले तर पोटॅशियम परत घसरेल. इसबगोल ती रात्रीच्या गोळीबरोबरच घ्यायची, आता दोन तासांचं अंतर ठेवायला सांगितलंय, नाहीतर गोळी अंगी लागत नाही. ही गोष्ट इतक्या वर्षांत कुणालाच कळली नव्हती. निघताना आईनं त्यांना विचारलं, "खोकला झाला तर काय घेऊ?" त्यांनी अडुळशाबद्दल वैद्यांना विचारा म्हटलं, स्वतःहून.

आता मावशीनंही वही घातलीय. तिच्या पहिल्या पानावर तेवीस ओळी आहेत आणि त्यातल्या चार पुड्या मला ओळखता येत नाहीत. रोहिणीताई, उद्या दुपारी त्यांचे फोटो इथे टाकते, बघाल का?